सेंटर शोधताना

व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता शांत डोक्यानं विचारणारं माणूस क्वचितच भेटतं. पगार झाल्यापासून नवरा दोन दिवस घरी फिरकलेला नसतो, मुलाच्या बॅगेत काळी पडलेली पन्नी आणि काडेपेटी सापडलेली असते, नाहीतर भर लग्नात सोयऱ्यांसमोर तमाशा झालेला असतो. मग ज्याच्या चार ओळखी आहेत अशा कुणाला तरी फोन जातो. बहुतेक वेळा फोन करणारी बायको, आई किंवा बहीण असते आणि ती एकच विचारते, "याला कुठं ठेवता येईल हो?"

या प्रश्नात आपण न बोलता दोन गोष्टी धरून चाललेलो असतो. ठेवावंच लागेल, आणि ठेवलं की सुटेल. पहिली गोष्ट सगळ्यांना लागू नाही, दुसरी तर जवळपास कुणालाच नाही. महिना-दीड महिना केंद्रात काढून माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत आणि त्याच कर्जात परत येतो. म्हणून केंद्र निवडताना इमारत, बाग आणि जेवणाच्या ताटाचे फोटो बघण्याआधी मी एक गोष्ट विचारायला सांगतो : बाहेर आल्यावर पुढचं वर्ष-दोन वर्षं याच्याकडे कोण बघणार, आणि ते ठिकाण तुमच्या घरापासून किती लांब आहे? महाराष्ट्रातल्या वाटा सांगताना हाच धागा धरून जातो.

आधी एक आकडा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'च्या व्यसनोपचार केंद्रानं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागे जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला 180 मध्ये एक. म्हणजे खाटांची वाट बघत बसलं तर बहुतेकांचा नंबर लागणारच नाही. सुदैवानं सुरुवात खाटेपासून करावी लागत नाही.

ती होते जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत. खिडकीवर नाममात्र पैशांत केसपेपर निघतो, बाकावर तासभर बसावं लागतं, आणि आत गेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो बायकोला अपेक्षित नसतो. ती मारहाणीपासून सुरू करणार असते, डॉक्टर विचारतात, "शेवटची कधी घेतली?" पाठोपाठ : सकाळी उठल्याउठल्या लागते का? नाही मिळाली तर हात थरथरतात का? आधी कधी फिट आली होती? कावीळ? उत्तरं देताना नवरा प्रमाण अर्ध्यावर आणतो, बायको दुप्पट सांगते, आणि अनुभवी डॉक्टर त्या दोघांच्या मधला आकडा लिहून घेतात. या पाचसात प्रश्नांवर ठरतं की गोळ्या घेऊन घरी राहता येईल की दाखल करावं लागेल.

घरातला एखादा वडीलधारा या पायरीवर हमखास सुचवतो, "दोन दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरेल." हा सल्ला जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की काही तासांत थरथर, घाम, मळमळ आणि छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो : अंगावर किडे चढताहेत, दारात कुणीतरी उभं आहे, आपण घरात नसून कामावर आहोत. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि माणूस दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे जातो. हा डेलिरियम आहे. ताप, वाढलेला रक्तदाब आणि पाण्याची कमतरता यांत माणूस दगावूही शकतो. वेळेत गेलं तर उपचार साधा असतो : क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांच्यासारख्या औषधाचा डोस रोज थोडा थोडा उतरवत नेतात आणि ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात.

त्या ब-1 वरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे सलाईनचं फार वेड. पिऊन पिऊन न जेवलेल्या माणसाला 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' म्हणून नातेवाईकच गल्लीतल्या दवाखान्यात आग्रह धरतात. अशा शरीरात ब-1 जवळजवळ संपलेलं असतं. ते न भरता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून कुठल्याही दवाखान्यात 'हा रोज पितो' हे लाज सोडून आधी सांगायचं. अपघात होऊन हाडाच्या डॉक्टरकडे दाखल झालेल्या माणसाचंही सांगायचं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात गोंधळ घालणारे अनेक पेशंट असेच असतात, घरच्यांनी दारूचं लपवलेले.

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. 'वेड्यांच्या इस्पितळात' जायचं म्हटलं की घरं बिचकतात. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत नावाजलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचा जन्म अशाच एका आवारात झाला. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. लेखक अनिल अवचटांनी त्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता यांनी 29 ऑगस्ट 1986 ला 'मुक्तांगण' सुरू केलं. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर आज ते चालवतात. तिथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच : पूर्वी पेशंट म्हणून आलेली माणसं तिथं पुढे कार्यकर्ते झाली, बायकांसाठी 'सहचरी' गट उभा राहिला, आणि डिस्चार्जनंतर पाठपुराव्याला या, असा लकडा सुरू झाला. पेशंटइतकंच त्याचं घर आजारी असतं, हे त्या काळी फारसं कुणी उपचारात धरत नव्हतं.

मुंबईत त्याच्याही आधी, 1981 मध्ये, फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा' सुरू केलं. परेरा हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगासनांची जोड मिळाली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' आहे. आणि गडचिरोलीत वेगळाच प्रयोग दिसतो. तिथं 1993 पासून दारूबंदी आहे. बंदीनं दुकान बंद होतं, तलफ बंद होत नाही, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ला दिसत होतंच. 2016 पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमाच्या माध्यमातून तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि थेट गावात शिबिरं असा उपचार लोकांपर्यंत नेला गेला, दारूबरोबर खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचाही. शंभर किलोमीटरवरच्या केंद्रात जायला ज्याच्याकडे ना पैसा ना मजुरी बुडवायची सोय, त्याच्या दृष्टीनं हीच रचना खरी.

या नावाजलेल्या संस्थांपर्यंत प्रत्येकजण पोचत नाही. फोन करणाऱ्या बाईच्या हाती बऱ्याचदा एक व्हिजिटिंग कार्ड असतं : 'शंभर टक्के व्यसनमुक्ती. गाडी पाठवून पेशंट घरून नेण्याची सोय.' या गाडीबद्दल थोडं सविस्तर बोलू. पहाटे चार धट्टीकट्टी माणसं येतात, झोपेतल्या माणसाला उचलतात आणि गाडीत कोंबतात. घरच्यांना सांगितलं जातं की तीन किंवा सहा महिने भेटायचं नाही, फोन करायचा नाही, 'नाहीतर तो तुम्हाला भावनिक करेल.' पैसे आगाऊ घेतात. आत डॉक्टर रोज येतो की महिन्यातून एकदा, की फक्त पाटीवरच असतो, हे कुणी विचारत नाही. अशा जागांत मारहाण, उपासमार, प्रसंगी मृत्यूही झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. घरच्यांना मी दोष देत नाही. ज्या घरानं पाच वर्षांत एक रात्र नीट झोपून काढलेली नाही, त्याला ती गाडी देवासारखी वाटणारच. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 च्या मेपासून लागू आहे आणि मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. म्हणजे अशा पेशंटना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी हवी. समजत्या प्रौढ माणसानं स्वतः सही करून दाखल व्हायचं आणि मागेल तेव्हा त्याला सोडायचं, हा नियम. अपवाद आहे, पण तो अरुंद आहे : स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकंही भान नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या एका डॉक्टरनं किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकानं स्वतंत्रपणे तपासून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे पेशंटच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर दाखल करता येतं. तेही सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस, आणि पुनर्विलोकन मंडळाला कळवून. साखळीनं बांधणं आणि एकट्याला कोंडून ठेवणं यांना मनाई आहे. भेटीचा आणि फोनचा हक्क पेशंटला आहे. तेव्हा 'सहा महिने भेट नाही' हा नियम सांगणारं केंद्र शिस्तप्रिय नसतं, बेकायदा वागत असतं.

फोनवरच काही गोष्टी काढून घेता येतात. नोंदणी क्रमांक मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, हे विचारा. आम्ही येऊन जागा बघू शकतो का, असं म्हणा आणि समोरचा कसा उत्तर देतो ते ऐका. 'या की, रविवारी या' म्हणणारा आणि 'आधी पैसे भरा' म्हणणारा यांतला फरक कळायला फार हुशारी लागत नाही. शंभर टक्क्यांची खात्री देणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्यावा. या आजारात घसरण इतकी नेहमीची आहे की अशी खात्री जाणकार माणूस देतच नाही. आणि शेवटी : घरच्यांना किती वेळा बोलावता? उत्तर 'गरज नाही' असं आलं तर ते केंद्र माणूस सांभाळून ठेवतं, इतकंच.

केंद्रापर्यंतही न जाता सुटका देणाऱ्या जाहिराती बसस्टँडच्या मुतारीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहेत : 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' चहात, डाळीत मिसळायची पावडर. त्यात नेमकं काय असतं हे पुडीवर लिहिलेलं नसतं. नकळत दिलेलं औषध डायसल्फिराम असेल तर गोष्ट गंभीर आहे. हे खरं, उपयोगी औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि जो स्वतः कबूल होऊन घेतो, त्याच्यासाठी ती भीती कुंपणासारखी काम करते. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर संपवतो आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. शिवाय पुढे कळलं की बायकोनं जेवणात औषध घातलं, तर तो घरचा घासही संशयानं खातो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. पण ती यकृत, मूत्रपिंड यांची तपासणी करून डॉक्टरनंच द्यायची.

सरकारी बाजूचं थोडक्यात. सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन व्यसनी व्यक्तींसाठी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं चालवतं आणि निवडक सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार कक्ष आहेत. तुमच्या जिल्ह्यात काय आहे ते 14446 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं. 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक मानसिक त्रासाच्या कुठल्याही प्रश्नासाठी आहे. गर्द किंवा एमडी (मेफेड्रोन) घेणाऱ्या पोराला डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होईल, या भीतीनं आईबाप महिनेच्या महिने घालवतात. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या 64 अ कलमात उलट सोय आहे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं. मेडिक्लेमवर विसंबू नका. अनेक पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात, कागद वाचून घ्या.

बाईच पीत असेल किंवा गोळ्यांच्या आहारी गेली असेल तर शोध दुप्पट कठीण होतो. नवरा पितो तेव्हा बायको केंद्र शोधते. बायको पिते तेव्हा नवरा बहुधा तिला माहेरी पाठवतो. 'मुक्तांगण'नं 2009 मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू केला, तसे विभाग आजही मोजकेच आहेत. पुरुषांच्याच केंद्रात 'एक खोली वेगळी देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा आणि सरकारी रुग्णालयाच्या स्त्री वॉर्डाचा पर्याय धरा. अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि सोबत पालकानं राहायचं, असंही कायदा सांगतो. सोळा वर्षांच्या पोराला पस्तिशीतल्या गर्दुल्ल्यांच्या खोलीत महिनाभर ठेवलं तर तो काय काय शिकून येईल, हे वेगळं सांगायला नको.

आता दाखल न होण्याबद्दल. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं केलेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, घातक पातळीवर दारू पिणाऱ्या पुरुषांना मोजक्याच भेटींचं समुपदेशन देण्यात आलं. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. चमत्कार नाही हा, पण खर्च किती आणि फरक किती ते बघा. ज्याची नोकरी शाबूत आहे, ज्याचे हात सकाळी थरथरत नाहीत, त्याला महिनाभर दूर ठेवायची गरज बहुधा नसते. त्याला दर आठवड्याला भेटणारं, न ओरडता हिशेब विचारणारं कुणीतरी हवं असतं.

तेच काम डिस्चार्जनंतर सगळ्यांनाच लागतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा महाराष्ट्रात शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी मराठीत होतात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. 'फक्त आजचा दिवस' हे तिथलं वाक्य बाहेरच्याला गुळगुळीत वाटतं; पण संध्याकाळी सात वाजता, पूर्वी ज्या वेळी पाय बारकडे वळायचे नेमक्या त्या वेळी, बसायला दुसरी खोली आहे आणि तिथं ओळखीची माणसं आहेत, हा खरा उपयोग. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या मीटिंगा असतात. नवरा जायला तयार नसेल तरी बायकोनं एकटीनं जायला हरकत नाही. उसने पैसे फेडून देणं, ऑफिसला 'ताप आलाय' म्हणून खोटं कळवणं, बाटल्या मोजत बसणं, हे सगळं थांबवायला ती तिथं शिकते, आणि कित्येकदा नवरा त्यानंतर उपचाराला कबूल होतो.

घसरण झाली तर 'पैसे पाण्यात गेले' म्हणत केंद्र बदलू नका. केंद्राला लगेच फोन करा. चांगली केंद्रं याला गुन्हा मानत नाहीत. गर्दच्या बाबतीत घाई आणखी महत्त्वाची. महिनाभर बंद असलेल्या शरीराची सवय उतरलेली असते आणि पोरगा जुन्याच मापानं ओढतो किंवा टोचतो; श्वास मंदावून मृत्यू होण्याचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत मोठा असतो. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सहन होत नाही म्हणून परत वळणाऱ्यांसाठी जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनचा दीर्घ उपचार आहे. 'एक नशा सोडून दुसरी लावली' अशी त्याची हेटाळणी होते ती चुकीची आहे; डॉक्टरच्या देखरेखीखाली ते घेणारे कामावर जातात, सुई सोडतात आणि जिवंत राहतात.

दुसऱ्यांदा दाखल करायची वेळ आली तर पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रक्ताचे जुने रिपोर्ट सोबत न्या. शुद्धीत असताना त्याच्याकडून एक गोष्टही करून घ्या. पुढे भान राहिलं नाही तर कुठला उपचार हवा, कुठला नको आणि माझ्या वतीनं कोणी ठरवायचं, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. भाऊ म्हणतो या केंद्रात, बायको म्हणते त्या केंद्रात, अशी वादावादी मग मध्यरात्री रिक्षात बसून करावी लागत नाही.